कमी दाब

रिग मुरगावला लागली त्या आठवड्यात
धक्क्यावर कोळशाचं जहाज रिकामं होत होतं
आणि वारा नेमका आमच्या अंगावर.
चहाच्या सायीवर, पापण्यांच्या कडांना,
ग्रीसच्या उघड्या डब्यातसुद्धा
बारीक काळी पूड.
एव्हारिस्त दर तासाला डब्याचं झाकण शोधायचा
आणि ते हरवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा,
पोर्तुगीजमध्ये,
म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको.

क्रेननं बीओपी उचलून टेस्ट स्टंपवर बसवला.
दोन मजली लोखंड.
वर अॅन्युलर, त्याच्या पोटात जाड रबराचं कडं.
खाली रॅम: पाइपला मिठी मारणारे दोन
आणि एक कापणारा.
कापणाऱ्याबद्दल कुणी फार बोलत नाही.
त्याची वेळ येते
तेव्हा बाकी सगळं करून झालेलं असतं
आणि विहीर वर यायला निघालेली असते.

मी नवा. माझ्याकडे बोल्टांची मोजणी.
पान्यावर पडणारे घणाचे ठोके
सड्याच्या कड्याला धडकून परत यायचे,
आणि माझी मोजणी चुकायची.

बेलसरे साहेबांना शुक्रवारची भरती गाठायची होती.
टगचं भाडं तासावर.
रात्रपाळीनं थेट दहा हजारांचा दाब दिला,
दहा मिनिटं धरला.
गोल कागदावर जांभळ्या शाईची
तसूभरही न ढळलेली रेघ.
"बघा, देखणी आहे की नाही?"
म्हणाले, आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

एव्हारिस्तनं कागद उलटा करून पाहिला,
खरी गोष्ट मागच्या बाजूला लिहिली असावी तसा.
"तीनशेंचो खंय आसा?"
"दहा हजार धरले, आता तीनशेला कोण विचारतो?"
"हांव विचारतां."

मग त्यानं मला समजावलं,
साहेबांना ऐकू जाईल इतपत हळू:
मोठा दाब रबराला रेटून भिंतीला चिकटवतो,
मग खोट दिसत नाही.
कमी दाबात ते आपल्याच जिवावर बसतं.
कळायचं ते तिथं कळतं.

सगळा दाब सोडला. शून्य.
पुन्हा तीनशेपर्यंत नेला, पंप बंद.
पहिलं मिनिट. दुसरं.
कुणीतरी खोकला आवरत होतं.
चौथ्या मिनिटाला बॉनेटच्या खालच्या ओठावर
एक थेंब जमला,
पडू की नको करत राहिला.
कागदावरची रेघ आत झुकली
केसाएवढी.

बॉनेट उघडलं. काही दिसेना.
साहेब टॉर्च घेऊन वाकले, त्यांनाही दिसेना.
एव्हारिस्तनं हातमोजा काढला.
नऊ बोटांची नखं कुरतडलेली,
उजव्या अंगठ्याचं तेवढं राखलेलं
(मिसेला त्यावरून बायको लाजते म्हणे).
ते त्यानं आरशासारख्या लोखंडावरून
सावकाश फिरवलं,
आणि एका जागी
टक्.

माझंही नख तिथंच अडलं.
एक चरा. त्यात रुतलेला कोळशाचा कण,
तिळापुढेही लहान.

भरती गेली.
साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते
"नाही, माझंच चुकलं,"
आणि मला ते पहिल्यांदा थोडे आवडले.

रविवारी पृष्ठ घासून, नवं सील लावून
आधी तीनशे, मग दहा हजार.
कागद फाइलला लावताना एव्हारिस्त म्हणाला,
तो झुकलेलाही लाव. सगळ्यांत वर.

रात्री सड्यावरून रिगचे दिवे जाताना पाहिले.
तिच्यावर झोपलेली माणसं असतील,
आणि त्यांच्या पायाखाली ते दोन मजली लोखंड,
ज्याला जन्मभर काही काम पडू नये
म्हणून आमचे पाच दिवस गेले.

घरी आईनं खाऱ्याची बरणी उघडायला दिली.
मी आधी काठावरून अंगठ्याचं नख फिरवलं.
"कितें पळयता?"
काही नाही, म्हटलं,
आणि पुन्हा एकदा फिरवलं.